हाय खाल्ली म्हणजे काय? शोक, श्वास आणि चिनी वैद्यक

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिक मंडळापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी मला विषय दिला होता ‘मुदत ठेवी आणि नामनिर्देशन’. या विषयावर मी या हॉलमध्ये आजवर तीनदा बोललोय आणि तरीही निम्म्या लोकांनी नॉमिनेशन केलेलं नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा चौथ्यांदा तेच सांगण्यात अर्थ नाही. मी त्यांना म्हटलं, नॉमिनेशन ज्या प्रसंगी उपयोगी पडतं, त्या प्रसंगानंतर माणसाच्या शरीराचं काय होतं त्यावर बोलतो. ते जरा बिचकले, पण हो म्हणाले.

बँकेत शेवटची काही वर्षं माझ्याकडे मृत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल होतं. मृत्यूचा दाखला, पासबुक, दोन साक्षीदार, इंडेम्निटी बाँड. आमची शाखा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सतरा पायऱ्या. महिन्यापूर्वी भाजीची पिशवी घेऊन तुरुतुरु चढणाऱ्या बाई नवऱ्याच्या खात्याचे कागद घेऊन यायच्या तेव्हा माझ्या टेबलाशी आल्यावर दोन मिनिटं बोलूच शकायच्या नाहीत. धाप. आवाज खोल गेलेला. पुरुषांचं तर त्याहून वाईट. सही करताना हात थांबायचा आणि मोठा उसासा यायचा. आणि काही खात्यांच्या बाबतीत असं व्हायचं की पहिला दावा निकालात काढून वर्ष होत नाही तोच दुसऱ्या नावाचा दाखला टेबलावर यायचा. शिपाई म्हणायचा, “साहेब, आजोबांनी हाय खाल्ली.”

हा आपला मराठी निदान-शब्द आहे. हाय खाल्ली. ऊर दाटून आला, छातीत गलबललं, काळजाचं पाणी झालं, धसका घेतला. बघा, सगळे शब्द छातीतले. शोक डोक्यात होतो असं आपली भाषा कुठे म्हणतच नाही.

आता हे नुसतं म्हणण्यापुरतं आहे की खरं? आकडेवाले लोक इंग्लंडात होते. 1969 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पार्क्स नावाचे मनोविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. पंचावन्न वर्षांवरचे 4,486 विधुर त्यांनी नऊ वर्षं नजरेखाली ठेवले. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यातले 213 गेले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांमध्ये जितके मृत्यू अपेक्षित होते त्यापेक्षा हे 40 टक्के जास्त. आणि या वाढीव मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा हृदयविकाराचा. पुढे ही जोखीम हळूहळू विवाहितांच्या पातळीवर आली. म्हणजे पहिलं वर्ष जपायचं असतं, हे आपल्या आज्या सांगायच्या ते हिशेबाने खरं निघालं.

जपानमध्ये 1990 च्या सुमारास डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट ओळखली. अचानक मोठा धक्का बसलेला माणूस छातीत कळ आली म्हणून येतो, ईसीजी हार्ट अटॅकसारखा, पण अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या मोकळ्या. हृदयाचा डावा कप्पा मात्र खालून फुगलेला. कोळी लोक ऑक्टोपस धरायला जे मडकं समुद्रात सोडतात त्या आकाराचा. त्या मडक्याचं जपानी नाव ‘ताकोत्सुबो’, तेच या आजाराचं नाव पडलं. हा आजार बहुतेक करून पाळी गेलेल्या वयातल्या स्त्रियांना होतो, आणि बरेचसे रुग्ण काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात. पण घरी बसून हा कोणता आणि तो कोणता हे कुणालाही कळत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो. शोकाच्या दिवसांत छातीत दुखलं, घाम फुटला, तर काढा नाही, रिक्षा. थेट हॉस्पिटल. पुढचं माझं सगळं बोलणं त्यानंतरचं आहे.

आता चीनकडे वळतो. मला या विषयाची गोडी का लागली ते मध्येच सांगेन.

चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ ‘ह्वांगदी नेइचिंग’, म्हणजे पीतसम्राटाचा अंतर्गत ग्रंथ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तो आजच्या रूपात जमत गेला. सम्राट विचारतो आणि ची बो नावाचा त्याचा वैद्य उत्तर देतो, आपल्या उपनिषदांसारखी प्रश्नोत्तरांची रीत. त्यात भावना म्हणजे रोगाचं कारण, थंडी-वाऱ्यासारखंच, अशी सरळ मांडणी आहे. राग यकृताचा, भीती मूत्रपिंडाची, अति विचार प्लीहेचा, आनंद हृदयाचा आणि शोक फुप्फुसाचा. प्रत्येक भावनेने शरीरातली जीवनशक्ती वेगळ्या दिशेला जाते. या शक्तीला चिनी भाषेत ‘छी’ म्हणतात. आपल्याकडे तो शब्द नाक मुरडायला वापरतात, म्हणून मी आपला ‘प्राण’ हा शब्द वापरतो. अगदी तोच अर्थ नाही, पण जवळचा आहे. तर रागाने प्राण वर चढतो, भीतीने खाली उतरतो, विचाराने गाठ बसते. आणि शोकाने? शोकाने प्राण विरतो. मीठ पाण्यात विरतं तसा.

कसा विरतो तेही तिथे सांगितलंय. शोकाने हृदयाचे धागे ताणले जातात, फुप्फुसं ताणून वर उचलली जातात, छातीतला रस्ता बंद होतो, आत उष्णता कोंडते आणि प्राण झिजतो. आजच्या शरीरशास्त्राशी हे ताडून बघू नका, जुळणार नाही. पण खूप रडून झाल्यावर छातीत काय वाटतं ते प्रत्येकाने आठवावं. ज्याने हे लिहिलं त्याने ते अनुभवलेलं किंवा फार जवळून पाहिलेलं असणार.

त्यांच्या राज्यकारभारात हृदय हा राजा आणि फुप्फुस हा मुख्य प्रधान. प्रधान श्वास आणि प्राण सांभाळतो, राजा रक्त आणि मन. रक्त चालवायचं काम राजाचं, पण त्याला ढकलायला लागणारी ताकद प्रधानाकडून येते. म्हणून शोकाने आधी फुप्फुस दुबळं होतं आणि ते थकलं की ओझं हृदयावर पडतं. अशा रुग्णाची लक्षणं चिनी वैद्य सांगतात ती अशी : जरा चाललं की धाप, बारीक आवाज, बोलायचा कंटाळा, काही न करता घाम, वारंवार सर्दी, चेहरा फिकट, नंतर धडधड, झोप मोडणं, पहाटे जाग. माझ्या टेबलासमोर उभी राहणारी माणसं मला या यादीत जशीच्या तशी सापडली.

एक बारकावा मात्र महत्त्वाचा आहे, आणि दुकानातून ‘चायनीज टॉनिक’ आणणाऱ्यांना तो माहीत नसतो. ताजा शोक आणि मुरलेला शोक यांचा उपचार वेगळा. सुरुवातीला शोक अडकलेला असतो : छाती आवळल्यासारखी, उसासे, घशात काहीतरी अडकल्यासारखं. तेव्हा ताकदीची औषधं दिली तर छाती आणखी भरते, तुंबलेल्या मोरीत वरून बादली ओतल्यासारखं. त्या वेळी आधी मोकळं करायचं. त्यासाठी वाळवलेली संत्र्याची साल, गुलाबाच्या कळ्या आणि ‘शियांग फू’. हे शेवटचं नाव परकं वाटतं, पण वनस्पती आपली नेहमीची, नागरमोथा. अभ्यंगस्नानाच्या उटण्यात असतो तोच. चौदाव्या शतकातल्या झू दानशी नावाच्या वैद्याने तुंबण्याचे सहा प्रकार सांगितले आणि त्यावर जो योग बसवला त्यात नागरमोथा आहे. महिने उलटले, रडून रडून माणूस रिकामा झाला, की मग भरायचं.

भरायच्या औषधांत सर्वांत नावाजलेला योग ‘शेंग माई सान’. नावाचा अर्थ साधारण ‘नाडीत जीव आणणारं चूर्ण’. तीनच वस्तू : जिनसेंग, माई मेन दोंग नावाच्या गवतासारख्या झाडाची मुळं, आणि वू वेई त्सि नावाची लाल फळं, ज्यांना पाचही चवी असतात म्हणतात पण जिभेला मुख्य लागतो तो आंबटपणा. जिनसेंग प्राण वाढवतं, मुळं आतला कोरडेपणा घालवून ओलावा देतात. पण मला आवडली ती तिसऱ्या वस्तूमागची कल्पना. आंबट चव आवळते, गोळा करते असं त्यांचं मत. चिंच खाल्ल्यावर तोंड कसं आवळतं तसं. शोकाने प्राण विरून चाललाय, तेव्हा नुसता वाढवून उपयोग नाही, विरणारा गोळाही केला पाहिजे. ठेव वाढवायची तर आधी गळती बंद करा, हे मी चाळीस वर्षं ग्राहकांना सांगत आलो!

दुसरा योग याहून साधा आहे आणि त्यामागची माणसाची गोष्ट मोठी आहे. ‘गान माई दा झाओ’ काढा : ज्येष्ठमध, गहू आणि दहा लाल खजूर. खजूर म्हणतात, पण ते खरं आपल्या बोराच्या जातीचं फळ, वाळवलेलं. सारखं रडू येतं, माणूस आपल्या ताब्यात नसल्यासारखा वागतो, जांभया येतात, अशा अवस्थेसाठी. लिहिणारा झांग झोंगजिंग, काळ साधारण इ. स. 200. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने सांगून ठेवलंय की त्याचं कुळ मोठं होतं, दोनशेच्या वर माणसं. आणि दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली. बहुतेक तापाच्या साथीत. म्हणून तो औषधांच्या मागे लागला. घरातली इतकी माणसं गेलेला हा वैद्य रडणाऱ्या माणसाला काय देतो, तर गहू आणि बोरं. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर मी ही प्रस्तावना इंग्रजीतून वाचली. तेव्हा आपल्या गेटवरच्या फलकावर दर आठवड्याला नवं नाव लागत होतं, ते तुम्हाला आठवत असेल.

आणखी एक गोष्ट सांगतो, औषधाशिवायची. बाराव्या-तेराव्या शतकात झांग त्सोंगझेंग नावाचा वैद्य होऊन गेला, त्याच्या नोंदींत आहे. एका अधिकाऱ्याच्या वडिलांना दरोडेखोरांनी मारलं. तो रडला, रडणं थांबल्यावर छातीत दुखू लागलं, महिन्याभरात तिथे पालथ्या वाटीएवढा गोळा झाला. औषधं हरली. हा वैद्य आला तेव्हा शेजारी एक देवऋषी बसला होता. वैद्याने त्याची नक्कल सुरू केली, अंगात आल्यासारखं काहीबाही बरळला. रुग्णाला हसू फुटलं, आवरेना, शेवटी त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. एक-दोन दिवसांत गोळा विरला म्हणे. वैद्याचा आधार पुन्हा त्या जुन्या ग्रंथाचा : फुप्फुस धातूचं, हृदय अग्नीचं, अग्नी धातूला वितळवतो, म्हणून आनंद शोकावर मात करतो.

महिन्यापूर्वी बाप गेलेल्या माणसापुढे नकला करणं मला तरी जमणार नाही, आणि तुम्हीही करू नका. पण तेराव्याच्या जेवणाला, सगळी मंडळी पानावर बसली असताना, कुणीतरी गेलेल्या माणसाचीच एखादी फजिती सांगतं आणि सगळी पंगत रडता रडता हसते, हे आपण पाहिलेलं आहे. त्यानंतर घरातल्या माणसांच्या घशाखाली पहिल्यांदा नीट घास उतरतो, हेही पाहिलेलं आहे.

आता मला गोडी का लागली ते. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, सांगलीला असते. हे तिला विचारून सांगतोय. दाजी गेले आणि तीन-चार महिन्यांत अक्का अशी झाली की फोनवर आवाज ऐकून मला माझं दाव्यांचं टेबल आठवलं. देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत आली की बसायची. तिच्या हृदयाचे ठोके आधीपासून अनियमित, त्यासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती. सांगलीच्या डॉक्टरांनी ईसीजी, टू-डी एको, छातीचा फोटो, रक्त, सगळं केलं. पूर्वीपेक्षा नवीन काही नाही. “मनाचं आहे, वेळ जाऊ द्या,” म्हणाले. ते बरोबरच होतं. पण वेळ कसा जाऊ द्यायचा ते कुणी सांगत नाही.

माझा भाचा सिंगापूरला नोकरीला आहे. तो तिला दोन महिने घेऊन गेला आणि तिथल्या एका चिनी वैद्यीणबाईंकडे नेलं. सिंगापूरमध्ये 2000 सालच्या कायद्याने चिनी वैद्यांना नोंदणी सक्तीची आहे, म्हणजे पाटी लावली आणि बसला असं तिथे चालत नाही. मी त्या वेळी पंधरा दिवस तिकडे होतो, म्हणून पहिल्या भेटीला बरोबर गेलो. खोलीत लाकडी खणांची भिंत, प्रत्येक खणावर चिनी नाव, आणि आपल्या सोनाराकडे असतो तसा छोटा तराजू.

बाईंनी सर्वांत आधी मागितली ती गोळ्यांची चिठ्ठी. एकेक नाव त्यांनी वाचलं आणि रक्त पातळ करायच्या गोळीवर बोट ठेवून भाच्याला इंग्रजीत सांगितलं, “मी जे देईन ते हिच्याशी भांडणार नाही असं बघावं लागेल. दर आठवड्याला रक्त तपासा.” मग नाडी. दोन्ही मनगटं, तीन-तीन बोटं. डाव्या मनगटावर पहिल्या बोटाखाली हृदय, उजव्यावर पहिल्या बोटाखाली फुप्फुस, असं त्यांचं गणित. पाच-सात मिनिटं एक शब्द नाही. मग जीभ : फिकट, कडेला दातांचे वळ. मग विचारलं, “पहाटे किती वाजता जाग येते?” अक्का म्हणाली चार. त्यांनी मान हलवली. त्यांच्या घड्याळात पहाटे तीन ते पाच हा फुप्फुसाचा प्रहर.

आणि मग विचारलं, “कोण गेलं?”

अक्काने सांगितलं. भाचा भाषांतर करत होता. पुढचा प्रश्न, “रडलात का?” अक्का म्हणाली, “पोरांसमोर कशी रडू?” हे भाच्याने भाषांतरित केलं नाही. त्याला करता आलं नाही. बाईंनी रुमालांचा डबा पुढे सरकवला तो दोघांसाठी.

औषध सात-सात दिवसांचं. आधीचे दोन आठवडे संत्र्याची साल, गुलाबकळ्या आणि लिलीचे कांदे. मग शेंग माई सानच्या धर्तीवर, पण जिनसेंगच्या जागी त्याच्याहून सौम्य मूळ. ज्येष्ठमध वगळला, कारण अक्काला ब्लड प्रेशर आहे. अर्धा तास भिजवायचं, मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात दोनदा उकळायचं, दोन्ही पाणी एकत्र करून सकाळ-संध्याकाळ कोमट घ्यायचं. लोखंडी पातेलं नको. शिवाय तांदळाची पेज, एसीसमोर बसणं बंद, आणि रोज सकाळी श्वास सोडण्याचा एक व्यायाम. चीनमध्ये सहा ध्वनींचा एक जुना प्रकार आहे. त्यातला फुप्फुसाचा ध्वनी ‘स्स्स्’, दातांतून हळू हळू सोडायचा. आपल्या टेरेसवरच्या प्राणायामवाल्यांना सांगायला नको, लांब निःश्वासाने काय होतं ते.

पाचव्या आठवड्यात अक्का नातीचा हात धरून मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जायला लागली. आवाज परत आला. सांगलीला आल्यावर मला फोन करून पहिलं वाक्य, “तुझ्या आवाजाला काय झालंय रे?”

हे श्रेय कुठल्या खात्यात जमा करायचं, मला विचाराल तर मी ते अजून सस्पेन्स अकाउंटला ठेवलंय. काढा होता, नात होती, हवापालट होता, दाजींची खुर्ची दिवसभर डोळ्यासमोर नव्हती, दोन महिने उलटले होते, आणि एका परक्या बाईने कोण गेलं म्हणून विचारलं होतं. एका माणसाच्या अनुभवावरून औषध सिद्ध होत नाही, मग ती माणसं आपल्या घरची का असेना.

सिद्धतेचं म्हणाल तर शेंग माईवर चाचण्या पुष्कळ झाल्या, पण बहुतेक लहान आणि कच्च्या. एक मोठी आणि नीट चाचणी मात्र आहे. ‘छी ली छ्यांग शिन’ नावाच्या कॅप्सूलची, अकरा वनस्पतींची, त्यात जिनसेंगही आहे. हृदय अशक्त झालेले तीन हजारांवर रुग्ण, चीन आणि हाँगकाँगमधली 133 रुग्णालयं. निम्म्यांना कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी. हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय बिघडून पुन्हा भरती होण्याची वेळ, हे कॅप्सूल घेणाऱ्यांत सुमारे 25 टक्के, दुसऱ्या गटात 30 टक्के. 2024 साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये ते छापून आलं. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, दोन्ही गटांच्या नेहमीच्या ॲलोपॅथीच्या गोळ्या चालूच होत्या. कॅप्सूल त्यांच्यावर जादा होती, त्यांच्या जागी नव्हती. दोन, ही चाचणी अशक्त हृदयाची होती, शोकाची नव्हती. शोकाने खचलेल्या माणसाला हे लागू पडतं असं त्यातून निघत नाही.

चीनमध्ये हे दोन्ही एकत्र कसं चालतं याचं आपल्या लोकांना नवल वाटतं. 1956 साली त्यांनी बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि छंगदू इथे पारंपरिक वैद्यकाची चार सरकारी कॉलेजं काढली. तेव्हापासून रुग्णालयात एका मजल्यावर ईसीजी आणि दुसऱ्यावर काढा हे तिथे नेहमीचं आहे. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव चीन म्हटलं की निघतंच. ते शस्त्रक्रिया करणारे आधुनिक डॉक्टर, 1942 मध्ये तिकडेच वारले. पण 1938 साली त्यांच्याबरोबर गेलेल्या पाच जणांतले डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि ते त्यांनी भारतात आणलं. म्हणजे हा दरवाजा आपल्यासाठी जुनाच आहे.

चीनमधलंच आणखी एक उदाहरण. क्लाइनमन नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1980 साली हूनान प्रांतात ‘मज्जातंतूंची दुर्बलता’ असं निदान झालेले 100 रुग्ण तपासले. त्यांची तक्रार डोकेदुखी, थकवा, झोप नाही अशी. त्यातले 87 आपल्या भाषेत डिप्रेशनचे निघाले. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत घरं मोडलेली, माणसं गेलेली, आणि दुःखी आहे म्हणायची सोय नाही. मग शरीराने तक्रार केली. त्यांना ढोंगी म्हणता येणार नाही. वैद्याकडे जाऊन थकलोय एवढं तरी म्हणता येत होतं. आपल्याकडच्या पुरुषांना मी हे मुद्दाम सांगतो. जोडीदार गेल्यावर “मला काही झालेलं नाही” म्हणणारे आणि महिन्याभरात ॲसिडिटीच्या गोळ्यांवर आलेले निदान तिघे जण मी या कट्ट्यावर पाहिलेत.

आता धोक्याचं. अक्काची हकिगत ऐकून माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने ऑनलाइन चिनी ‘हार्ट टी’ मागवला. तेही रक्त पातळ करायच्या गोळीवर. चार-पाच दिवसांत हिरड्यांतून रक्त. पाकीट मी त्या वैद्यीणबाईंना फोटो काढून पाठवलं. पहिलंच नाव ‘दानशेन’, हृदयासाठी चीनमध्ये सर्रास वापरतात ते लाल मूळ. ते आणि वॉरफरिन एकत्र आले की रक्त जास्तच पातळ होतं, हे डॉक्टरी पुस्तकांत नोंदलेलं आहे. गृहस्थ वेळेवर दवाखान्यात गेले म्हणून निभावलं. ज्येष्ठमध आपण खोकल्याला चघळतो, पण रोज भरपूर पोटात गेला तर ब्लड प्रेशर वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर लांबच राहावं. हृदयाच्या काही योगांत ‘फू त्सि’ असतं, ते बचनागाच्या कुळातलं विष. शुद्ध करणाऱ्याचा हात चुकला तर ठोके बिघडतात. आणि बेल्जियममध्ये 1990 च्या दशकात एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून दुसरीच पुड्यांत गेली, तर शंभरेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य कृपया या हॉलमध्ये कुणी म्हणू नये.

भाषणानंतर पुष्कळांनी प्रश्न विचारले, त्यातले दोन इथे देतो.

बी विंगच्या एका काकूंनी विचारलं, आपल्या आयुर्वेदात हे नाही का? आहे. शोकाने होणारा अतिसार, शोकाने येणारा ज्वर ही नावंच आहेत. आपल्याकडच्या चांगल्या वैद्यांकडे जाऊन कोण गेलं ते आपण होऊन सांगा. विचारायची वाट बघू नका. आणि हार्टच्या डॉक्टरांनाही सांगा. फाइलमध्ये पतीच्या निधनाची तारीख लिहायला रकाना नसतो, तो तोंडी भरावा लागतो. त्याच काकूंनी पुढे सुचवलं की दारावरच्या पाटीवर दोन नावं पण घरात एकच माणूस अशा घरी पहिलं वर्षभर कुणीतरी रोज संध्याकाळी चहाला जावं. कमिटीने ते लिहून घेतलंय. पाळ्या लावायचं काम माझ्याकडे आलंय, नावं द्या.

दुसरा प्रश्न आपल्या बागकामवाल्या मंडळींचा. मी सांगितलं होतं की शोकावर चिनी लोक ‘हे ह्वान’ नावाच्या झाडाची साल आणि फुलं वापरतात, नावाचा अर्थ एकत्र आनंद, आणि ते झाड आपल्या शिरीषाच्या कुळातलं आहे. तर गेटजवळच्या शिरीषाची साल चालेल का? नाही चालणार. शिरीष वेगळा, हे ह्वान वेगळं, आणि आपल्या गेटजवळ आहे तो यातला एकही नाही. तो विलायती शिरीष, म्हणजे रेन ट्री. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या कमिटीने लावलेला. त्याच्या सावलीतल्या बाकावर बसा, साल सोलू नका.